भिंतीवरचे अकरा शब्द

४ जानेवारी

ठेंगू,

सात महिने मी तुला पत्र लिहिलं नाही. कागद पुढे घेतला की ‘प्रिय’ लिहायचं की नाही, इथेच पेन अडायचं. आज तो शब्दच गाळला, म्हणून पुढे सरकले.

तुझी आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास, माझ्या कमरेएवढाही नव्हतास. भावानं तुला माझ्या दारात आणून उभं केलं आणि म्हणाला, "ताई, थोडे दिवस." ते थोडे दिवस बावीस वर्षं चालले. तेव्हा तुला चार शब्द सुनावायचा हक्क माझा आहे. ते आधी उरकते.

तू माणूस मारलास. वकील कोर्टात म्हणाला, छापखान्याच्या फोरमननं काम लवकर व्हावं म्हणून कटिंग मशीनचा गार्ड काढून ठेवला होता, बाइंडिंग करणाऱ्या बाईची चार बोटं गेली, आणि फोरमन पातं पुसून म्हणाला, चला, चालू करा. हे सगळं खरं आहे. मी तिथे असते तर माझंही डोकं फिरलं असतं. पण तू पाना उचललास आणि तीनदा मारलास. पहिला घाव रागाचा, हे मला कळतं. दुसरा आणि तिसरा कशाचा होता? याचं उत्तर मला हवंय. घाई नाही. तुझ्याकडे दहा वर्षं आहेत.

झालं. आता बाकीचं.

सायकलच्या दुकानावरच्या आपल्या दोन खोल्या आहेत तशाच आहेत. तुझ्या खोलीत मी फक्त केर काढते. खिडकी पुसताना काच फुटली आणि उजव्या हाताला सहा टाके पडले, त्यामुळे अक्षर हे असं. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी पाहिलं असतं तर त्यांना फार आनंद झाला असता.

लहानपणी तू ताटावर तासभर बसायचास, तेव्हा मी तुला इंग्रजी शब्द शोधायला लावायचे. आजही लावते. पाच अक्षरी शब्द हवेत. त्यात आय, जी, एच आणि टी ही चारही अक्षरं पाहिजेत, कुठल्याही क्रमानं. पाचवं तुझ्या मर्जीचं. मला तेरा सापडले. त्यातले दोन आता कोणी वापरत नाही, ते सोड. अकरा पाठव.

आत्या


१९ जानेवारी

ती. आत्यास नमस्कार,

तुझं पत्र आलं तेव्हा मी ते दोन दिवस उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी बेकर म्हणाला, "फोड की रे, बॉम्ब आहे का त्यात?" म्हणून फोडलं.

बेकर म्हणजे माझ्या शेजारच्या खाटेवरचा. उंचीला माझ्याएवढाच आहे, म्हणजे आम्ही दोघं खाटेबाहेर पाय काढून झोपतो. भट्टीच्या वाटणीवरून भागीदाराशी भांडण झालं आणि त्यानं भट्टीतलं लोखंडी फावडं त्याच्या डोक्यात घातलं. सहा वर्षं झाली त्याला. त्याची मुलगी औषधांच्या दुकानात काम करते आणि त्याला मुद्दाम इंग्रजीत पत्रं लिहिते. त्याला इंग्रजी येत नाही. दर वेळी कुणापुढे तरी पत्र धरून उभं राहावं लागावं, लाज वाटावी, म्हणून. हे तोच सांगतो, आणि सांगताना त्याला मुलीचं कौतुकही वाटतं.

बराकीत आम्ही चाळीस जण आहोत. इथला मोठा म्हणजे काका. वय पन्नास, आवाज मऊ, कधी शिवी देत नाही. गेल्या महिन्यात पाण्याच्या रांगेत एकानं त्याच्या पुढे बादली सरकवली. काका हसून मागे सरकला. दुपारी त्या माणसाचा कान अर्धाच राहिला होता आणि काका त्याच्या उशाशी बसून विचारत होता, "दुखतंय का फार?" हे तपासणीत खोडलं नाही तर तुला वाचायला मिळेल.

मला धुलाईखान्यात काम दिलंय, बॉयलर नंबर दोन. वाफ इतकी असते की समोरचा माणूस नुसता उंचीवरून ओळखायचा.

शब्द: लाईट, नाईट, फाईट, राईट, साईट, माईट, टाईट. सात मी काढले. आठवा अख्ख्या बराकीनं मिळून काढला, आणि तो ‘एट’च निघाला, त्यावर बरंच हसलो. पुढे कोणाला काही सुचत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर अजून माझ्याकडे नाही.

खिडकी तू कधीपासून पुसायला लागलीस? ती माझ्याकडे होती.

ठेंगू


३ फेब्रुवारी

ठेंगू,

तुम्ही सगळे एकाच रुळावरून चाललात. आयजीएचटी शेवटी ठेवायचं आणि पुढे अक्षर बदलत बसायचं. मी ‘कुठल्याही क्रमानं’ म्हटलं होतं. ती चार अक्षरं सुटी कर. थिंग: झालं की नाही? थाय, म्हणजे मांडी. गर्थ, म्हणजे घेर, माझ्या कमरेला असतो तो. झाले अकरा. तुझ्या बेकरला यातूनच अक्षरं शिकव. शब्दाचं शेपूट तेच राहतं आणि डोकं बदलतं, त्यामुळे मोठ्या माणसांना लवकर जमतं. मी असं एका आजोबांना शिकवलंय.

एक सांगायचं आहे. परवा फोरमनचा धाकटा भाऊ आला होता. ट्रक चालवतो तो. तुला आठवत नसेल, पण सातवीत माझ्याच वर्गात होता, खिडकीजवळच्या बाकावर, गणितात कच्चा आणि निबंधात बरा. दारात उभा राहून म्हणाला, "बाई, येऊ का?" मी घाबरले होते, खोटं कशाला सांगू. पण आत येऊन बसला आणि ढसाढसा रडला. वहिनी दोन मुलं घेऊन माहेरी गेली, घर खायला उठतं म्हणाला. मग म्हणाला, "मला त्याला पत्र लिहायचंय. मनातला राग काढून टाकायचाय. पत्ता काय घालू?" तुझी बराक सांगितली. काम काय करतो विचारलं, तेही सांगितलं, बॉयलरवर असतोस म्हणून. जाताना त्यानं खिडकीला लावलेला पुठ्ठा पाहिला आणि भरभर जिना उतरला.

त्याचं पत्र आलं तर नीट उत्तर दे. तुला कोणी माफ करावं अशी अपेक्षा नाही, पण कुणी दार उघडत असेल तर तू लाथ मारू नकोस.

हात बरा आहे.

आत्या


१७ फेब्रुवारी

ती. आत्यास,

त्याचं पत्र आलेलं नाही.

माझा पत्ता त्याला द्यायला नको होतास, असं क्षणभर वाटलं. मग वाटलं, तू वर्गातली पोरं ओळखतेस, मी नाही. असू दे.

अकरा शब्द मी कोळशानं बेकरच्या खाटेवरच्या भिंतीवर लिहिलेत. रोज संध्याकाळी तो खाली बसून बोट ठेवून वाचतो. पहिल्या आठवड्यात त्याला ‘आय’ आणि ‘एल’ सारखेच वाटायचे. आता लाईट आणि राईट न अडखळता येतात. ‘जी’ आणि ‘एच’ लिहायचे पण बोलायचे नाहीत, हे त्याला पटत नाही. म्हणतो, "मग ते दोघं तिथे करतात काय? आमच्यासारखे नुसते बसून खातात?" काल मुलीच्या जुन्या पत्रात त्यानं ‘नाईट’ स्वतः ओळखला. पुढचं मागचं काही कळलं नाही, पण तेवढ्यानं त्याचा चेहरा फुलला.

काका हल्ली माझ्याशी फार चांगला वागतो. परवा स्वतःचा साबण दिला. कोणत्या दिवशी सकाळची पाळी असते, किती वाजता बॉयलर पेटतो, माझ्याबरोबर कोण असतं, असं काय काय विचारत बसतो. म्हणतो, "पोरगा शिकलेला आहे, जपायला पाहिजे." अर्ध्या कानाचा माणूस त्या वेळी माझ्याकडे बघत होता. मी बघितलं की दुसरीकडे तोंड करायचा.

पुढचे शब्द पाठव. चार अक्षरी चालतील, बेकरला दम लागतो.

ठेंगू


१० मार्च

ठेंगू,

पंधरा दिवसांत उत्तर यायला हवं होतं. चार अक्षरी शब्द पाठवले होते, ते मिळाले का? तब्येत बरी नसेल तर बेकरला सांग, वेडंवाकडं का होईना, त्यानं लिहावं.

आत्या


२८ मार्च

ठेंगू,

माझं पत्र परत आलं. पाकिटावर शिक्का आहे, ‘बंद्यास पत्रव्यवहार स्थगित’. जेलच्या फाटकावर गेले. तिथला शिपाई म्हणाला, "जिवंत आहे, एवढं सांगतो बाई, जास्त विचारू नका." हे पत्रही परत येईल. तरी टाकते.

आत्या


६ एप्रिल

आत्या,

हे पत्र तपासणीतून गेलेलं नाही. आमचा न्हावी बुधवारी सुटतोय, त्याच्या बुटात घडी करून दिलंय. म्हणून यात सगळं लिहितो.

फेब्रुवारीच्या शेवटी बराकीची झडती झाली. इथल्या डेप्युटीला छोटे साहेब म्हणतात. काहीतरी शिजतंय असं त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांनी भिंतीवरची यादी पाहिली आणि विचारलं, अक्षर कुणाचं? मी हात वर केला.

मला मागच्या खोलीत नेलं. यादी त्यांनी कागदावर उतरवून आणली होती. म्हणाले, "फाईट, एट, राईट, लाईट. आठ वाजता, उजव्या फाटकाजवळ, दिवे घालवून मारामारी. बरोबर?" मी म्हटलं, "साहेब, खेळ आहे तो. माझी आत्या शिक्षिका होती." ते म्हणाले, "थिंग म्हणजे वस्तू. कुठे लपवलीय? आणि मांडी कशाला लिहिलीय? कुणाच्या मांडीत घालायची?"

हात मागे बांधून खिडकीच्या गजाला वर अडकवले. दुसऱ्या दिवशी उजवा खांदा निखळला. तळपायांवर रबरी पट्ट्यानं मारतात, त्यानं जखम दिसत नाही, पण मी आठवडाभर गुडघ्यांवर चालत होतो. दोन नखं काढली. दर वेळी ते एकच शब्द पुढे करायचे आणि विचारायचे, याचा खरा अर्थ काय? मी अर्थ सांगायचो. लाईट म्हणजे उजेड. मग पट्टा. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, हो साहेब, आठ वाजता, उजव्या फाटकाजवळ. त्यांनी पाणी दिलं.

माझ्या त्या ‘हो’मुळे सगळ्या बराकींना टाळं लागलं. कोणी कुणाला भेटायचं नाही, निरोप नाही. पण दवाखान्याच्या चादरी धुवाव्याच लागतात. बॉयलर नंबर दोनवर माझ्या जागी बेकरला नेलं.

गुरुवारी सकाळी दहा वाजता दुसऱ्या बराकीतला एक माणूस वाफेत शिरला. त्याला एवढंच सांगितलं होतं: दोन नंबर, उंच असेल तो. त्यानं मागून पोटात घातलं, चार वेळा. चमच्याचं टोक फरशीवर घासून केलेलं हत्यार होतं. बेकर वळला, त्यानं त्या माणसाचा गळा धरला, आणि दोघं गरम पाइपावर पडले. वाफ बंद करून आत जाईपर्यंत दोघंही संपले होते. बरोबर काम करणाऱ्यानं सांगितलं, बेकरची पाठ पाइपाला चिकटली होती, सोडवताना कातडं तिथेच राहिलं.

मी एक महिना अंधारकोठडीत होतो. बराकीत परत आलो तेव्हा बेकरची खाट दुसऱ्याला दिलेली होती आणि भिंतीवर चुना मारलेला होता. काका माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "चूक झाली रे. तू कोठडीत आहेस, कामावर दुसरा आहे, हा निरोप पोचवता आला नाही. बराकी बंद होत्या ना." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला, निखळलेल्याच. "तुझ्या आत्यानं पत्ता अगदी चोख दिला होता, शोभते खरी मास्तरीण. ट्रकवाल्याचं काम मी घेतलंय आणि ते बाकी आहे. तू घाबरू नकोस, तुला कळणारही नाही."

हे तुला सांगू नये असं ठरवलं होतं. पण मग विचार केला, मला एकट्यालाच का माहीत असावं?

आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पहिल्या घावानंतर फोरमन खाली बसला आणि त्यानं हात वर केला. तो हात मला दिसला. तरी मारलं, कारण मला बरं वाटत होतं. दुसरा त्या बरं वाटण्याचा होता आणि तिसराही त्याचाच. आता मला परत तसंच व्हायचं आहे. माझ्या गादीत चमचा आहे, दहा दिवस घासतोय. शनिवारी काका दाढीला बसतो तेव्हा मान मागे टाकतो. नवीन न्हाव्याला मीच मदत करणार आहे.

शनिवारनंतर मला लिहू नकोस.

ठेंगू


१४ एप्रिल

ठेंगू,

हे पत्र उघडं पाठवते. आता ज्याला वाचायचं त्यानं वाचावं.

तुझं पत्र न्हाव्यानं बुधवारी संध्याकाळी आणून दिलं. गुरुवारी सकाळी अकरा वाजता मी ते जेलच्या मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवलं, आणि त्याची एक नक्कल वकिलाकडे. मोठे साहेब वाचून म्हणाले, "बाई, यात तुमच्या पुतण्यावरच खुनाच्या तयारीचा गुन्हा लागेल." मी म्हटलं, "भाचा. आणि लागू दे. आधी त्याची गादी उसवा, मग तुमच्या डेप्युटीला बोलवा." तू मला काय म्हणशील ते मला माहीत आहे. म्हण. तुझ्यासमोर एक माणूस हात वर करून बसला होता आणि तू मारलंस. दुसरा मान मागे टाकून बसणार होता. त्यात काय फरक असता?

शुक्रवारी ट्रकच्या अड्ड्यावर गेले. तो एका उलट्या ड्रमवर बसला होता. ट्रक नव्हता. विचारलं, "गाडी कुठाय?" म्हणाला, "दिली." कुणाला दिली ते मी विचारलं नाही. काकाचा मुलगा आता ट्रक चालवतो, हे मला न्हाव्यानं सांगितलं होतं.

मी म्हटलं, "तू माझ्या घरी बसून रडलास ते खोटं होतं का?"

म्हणाला, "रडणं खरं होतं, बाई. विचारलं ते खोटं. आणि खिडकी मीच फोडली होती, दोन वेळा."

दगड लागून हात फाटला होता माझा. तुला खोटं लिहिलं मी.

मी त्याला सांगितलं की त्यानं ज्याला मारवलं तो माझा भाचा नाही. तो एक बेकर होता, त्याला मुलगी आहे, आणि तो अक्षरं शिकत होता. ट्रकवाल्याला हे माहीतच नव्हतं. त्याला वाटत होतं काम अजून झालेलंच नाही. तो उठला आणि त्यानं मला मारलं. मुठीनं, तोंडावर. दोन दात गेले आणि मी डिझेलच्या डबक्यात बसले. आजूबाजूला दहा ड्रायव्हर होते, कोणी पुढे आलं नाही. मग तोच खाली बसला. म्हणाला, "माझा भाऊ गेला, बाई. तुमचा पोरगा अजून पत्रं लिहितो."

मी पदर तोंडाला लावला.

त्यानंच मला रिक्षात बसवलं. मी त्याला म्हटलं, पोलीस ठाणं वाटेवर आहे, तू आत जाणार की मी जाऊ? तासभर तो फाटकाशी उभा राहिला. मग आत गेला. कबुली लिहून दिलीय त्यानं, काकाच्या नावासकट. पण बाहेरच्याच्या कबुलीवर काका अडकणार नाही, आतल्या माणसाची साक्ष लागेल, असं वकील म्हणतो.

बेकरला तुझ्या जागी मी उभं केलं. तुझ्या बराकीचं नाव माझ्या तोंडातून गेलं. हे मी कुणावर ढकलत नाही.

आत्या


२ मे

शुक्रवारी गादी उसवली. चमचा सापडला. शिक्षेत दोन वर्षं वाढली आणि मला एकट्याच्या कोठडीत टाकलंय. छोटे साहेब रजेवर गेले आहेत म्हणे. काका मजेत आहे.

बावीस वर्षं एका घरात राहून तू माझी चुगली केलीस. मला पत्र लिहू नकोस.


३० जून

ठेंगू,

लिहू नकोस म्हणालास, तरी लिहिते. शाळेतही पोरं ‘बाई, पुरे’ म्हणायची, मी तास संपेपर्यंत थांबत नसे.

बेकरच्या मुलीकडे गेले होते. दुकानाच्या मागे एका खोलीत राहते. जेलनं तिला कळवलं होतं की बापाला कामावर अपघात झाला. मी खरं सांगितलं: तो कुणाच्या जागी उभा होता, ती जागा कुणी दाखवली, तू यादी का लिहिली होतीस. तिनं मला पाण्याचा ग्लास दिला होता. सगळं ऐकून झाल्यावर तो तिनं माझ्या हातातून काढून घेतला, अर्धा भरलेला, आणि दार उघडून धरलं.

वकील दोनदा तुझ्याकडे येऊन गेला आणि तू गप्प बसलास, असं कळलं. काकाच्या विरुद्ध बोललास तर तो तुला सोडणार नाही, हे मला कळतं. मी तुला ‘बोल’ असं सांगणार नाही. माझ्या सांगण्यावरून आणि माझ्या तोंडून पुरेसं झालंय. पण अर्ध्या कानाचा माणूस वकिलाला म्हणाला, ठेंगू बोलला तर मी बोलेन. एवढं तुला माहीत असावं म्हणून लिहिलं.

आत्या


१२ नोव्हेंबर

आत्या,

पत्ता बदललाय, पाकिटावर बघ. हा दुसरा जेल आहे, आणि मी त्याच्या दवाखान्यात आहे. अक्षर वाकडं आहे ते खांद्यामुळे आणि आणखी एका कारणामुळे, ते पुढे सांगतो.

मी सप्टेंबरात बोललो. काका समोर बसला होता, दाढी करून, स्वच्छ शर्टात. न्यायाधीशांनी विचारलं, तुम्ही स्वतः या माणसाला मारायची तयारी केली होती हे खरं का? मी हो म्हटलं. तुझ्याकडून गेलेलं पत्र त्यांच्यापुढे होतं, त्यामुळे माझं बाकीचंही त्यांनी खरं धरलं. म्हणजे तुझी चुगलीच कामाला आली. माझ्यानंतर अर्ध्या कानाचा उभा राहिला. त्याच्यानंतर आणखी दोघं. काकाला जन्मठेप झाली. छोट्या साहेबांवर खटला उभा आहे, त्यात मला परत बोलावतील. मी जाणार आहे.

कोर्टातून परत आणताना व्हॅनमध्ये काकाचा एक माणूस माझ्याबरोबर चढवला गेला. चुकून की मुद्दाम, कोण जाणे. त्याच्याकडे पत्र्याचा तुकडा होता. माझे हात बेडीत होते. त्यानं कानापासून नाकापर्यंत ओढला, मग डोळ्यात. मी डोक्यानं त्याच्या तोंडावर मारत राहिलो, तो खाली पडेपर्यंत. पडल्यावर थांबलो. पोलिसांनी दार उघडलं तेव्हा तो श्वास घेत होता. हे मी तुला मुद्दाम सांगतोय.

उजवा डोळा गेला. चेहऱ्यावर एकतीस टाके पडले.

काल बेकरची मुलगी आली होती. मी तिला बोलावलं नव्हतं. जाळीच्या पलीकडे बसली, पिशवी मांडीवर धरून. बापासारखीच उंच आहे, खुर्चीत पाय मावत नव्हते.

म्हणाली, "तुमच्या आत्यांनी सगळं सांगितलं. माझं काही काम नाही. मला फक्त तुमचं तोंड बघायचं होतं."

मी पट्टी काढली, म्हणजे तिला सगळं दिसावं. ती बराच वेळ बघत राहिली. मी मान खाली घातली नाही.

मग तिनं विचारलं, "बाबांनी शेवटचं पत्र इंग्रजीत लिहिलं होतं. चार ओळी. तुम्ही सांगितल्यात का त्या?"

"नाही," मी म्हटलं. "लिहिलं होतं हेच मला माहीत नव्हतं."

"नक्की?"

"मी त्याला अकराच शब्द शिकवले होते. चार ओळी त्यानं कुठून आणल्या मला माहीत नाही."

"चुकाच चुका आहेत," ती म्हणाली. "मी ते तेव्हा उघडलंही नव्हतं. ते गेल्यावर उघडलं."

मी विचारलं, "काय लिहिलंय?"

"ते माझं आहे," ती म्हणाली, आणि उठली. शिपाई तिला म्हणाला, अजून दहा मिनिटं आहेत. ती म्हणाली, नकोत.

महिन्याच्या पहिल्या रविवारी इथे घरच्यांना जाळीशिवाय, एका बाकावर बसून भेटायला देतात. गाडी पहाटेची आहे, तुला जमेल तेव्हा ये. नवे दात बसवले असशील तर घालून ये, आणि बाकावर बसताना माझ्या डाव्या हाताला बस. उजवीकडचं मला दिसत नाही.

ठेंगू